गार होईपर्यंत थांबायचं नाही

हायवे सोडून गाडी कोल्हापुरात शिरायला लागली, आत्यानं ब्रेकवर पाय ठेवला आणि स्टीअरिंग थडथडायला लागलं. थोडंथोडकं नाही. किल्लीला अडकवलेलं अंबाबाईचं लॉकेट नाचायला लागलं आणि डॅशबोर्डवरची पाण्याची बाटली घरंगळत माझ्या मांडीवर आली. आत्यानं पाय काढला, गाडी शांत. पुन्हा ठेवला, पुन्हा थडथड.

मी तेव्हा नववीत होते. हजेरीला 'हजर' म्हणायचे ते शेजारणीलासुद्धा नीट ऐकू जायचं नाही, असली मी. आज बारावीत माझा आवाज शिपाईमामांना पटांगणापलीकडून ऐकू येतो, पण ते नंतरचं. त्या दिवशी मी फक्त एवढंच म्हणाले, की आत्या, सकाळी जाताना हे नव्हतं.

"नव्हतंच," आत्या म्हणाली. "सकाळी लोण्यात सुरी जावी तशी थांबत होती."

मागच्या सीटवर आण्णा बसले होते, मांडीवर नारळाची रिकामी पिशवी घेऊन. ते पुढं वाकले.

"डिस्क वाकडी झालीया. ट्रॅकवर जाऊन ब्रेक दाबत बसायला ते काय शिलाई मशिनचं पायडल हाय?"

आण्णा म्हणजे पप्पांचे आणि आत्याचे थोरले भाऊ. उद्यमनगरात आमचं लेथचं वर्कशॉप आहे, ते आण्णा आणि पप्पा मिळून चालवतात. मिळून म्हणजे आण्णा बोलतात आणि पप्पा काम करतात. जगातल्या कुठल्याही अडचणीवर आण्णांकडं दोनच उपाय असायचे. एक, देवाला नारळ फोडू. दोन, मशिनवर घेऊ. नारळ तर दुपारीच फोडून झाला होता, त्यामुळं आता उरलेला उपाय आला. पुढच्या सोमवारी डिस्क मशिनवर घेऊ, एक कट मारून वरचा पापुद्रा काढू, सरळ होईल, आण्णा म्हणाले. तोवर गाडी घरच्या शेडमध्ये.

"रविवारी स्पर्धा आहे, आण्णा," आत्या म्हणाली.

"मग काय थडथडत पळवणार? ते ट्रॅकवाले सकाळी गाडी तपासतात म्हणं. घरी पाठवतील. आमचं नाव घालवायचं आणि माघारी यायचं."

घरी पोचल्यावर त्यांनी किल्ली मागून घेतली आणि नेऊन वर्कशॉपमध्ये कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला टांगली.

वैजूआत्याबद्दल सांगायला पाहिजे. ती बत्तीस वर्षांची होती, डेअरीच्या ऑफिसात नोकरी करायची, आणि सासर सोडून माहेरी आल्याला बरीच वर्षं झाली होती. का आली हे घरात कुणी काढायचं नाही. आल्यावर पहिली दोन वर्षं ती ऑफिस आणि घर एवढंच करायची. मग तिनं स्वतःच्या पगारातून एक जुनी लाल गाडी घेतली आणि शहराबाहेरच्या ट्रॅकवर शिकायला जायला लागली. तिथं बायका नव्हत्याच असं नाही, पण त्या बहुतेक कुणाला तरी बघायला आलेल्या असायच्या. रविवारच्या स्पर्धेत एकेकट्यानं घड्याळ लावून गाडी पळवायची होती आणि पहिल्या तिघांना चेन्नईजवळच्या मोठ्या ट्रॅकवर महिनाभर शिकायला पाठवणार होते. आत्यानं त्यासाठी वर्षभर एकही सुट्टी घेतली नव्हती, सगळ्या साठवून ठेवल्या होत्या. आणि सरावात त्या दिवशी तिच्या पुढं फक्त एकच गाडी होती. आण्णांच्या दोस्ताचा पोरगा, ज्याच्या हेल्मेटवर ज्वाळा काढलेल्या होत्या, तो पार मागं राहिला होता.

मंगळवारी संध्याकाळी आत्या ऑफिसातून आली, साडी बदलली आणि म्हणाली, चल, बघू तरी काय वाकडं झालंय ते. किल्ली नसली तरी जॅक आमचाच होता. आम्ही शेडमध्ये पुढचं चाक काढलं.

डिस्क म्हणजे चाकामागची लोखंडी तबकडी. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड येऊन तिला चिमटीत धरतात. तबकडी छान चकचकीत होती आणि त्या चकाकीत एका जागी काळपट निळा डाग होता. कडा एकदम रेखीव. मी पॅडकडं बघितलं, मग डागाकडं. तोच आकार. कपड्यावर गरम इस्त्री विसरली की जसा इस्त्रीचा ठसा उमटतो, अगदी तसा. आम्ही दुसरं चाक काढलं. तिथंही तेच.

"वाकलेल्या वस्तूवर असा शिक्का कशाला उमटेल?" मी म्हणाले.

आत्यानं मोबाईल माझ्या हातात दिला. मी शोधलं. अर्धे लोक लिहीत होते डिस्क फेकून द्या, उरलेल्यातले अर्धे एकमेकांना वेड्यात काढत होते. पण बाकीचे सगळे एकच सांगत होते. डिस्क वाकत नाही सहसा. ती लालभडक तापलेली असताना ब्रेक दाबून एका जागी उभं राहिलं, की पॅडचा थर तेवढ्याच जागी चिकटून बसतो, तव्याला पहिला डोसा चिकटावा तसा. मग चाक फिरताना दर फेरीला पॅड त्या उंचवट्यावर अडखळतो आणि ती अडखळ हातापर्यंत येते. म्हणून ट्रॅकवरून आलं की गाडी हळूहळू फिरवत ठेवायची, गार होईपर्यंत ब्रेक दाबून थांबायचं नाही.

मी मोबाईलवरून मान वर केली. "आत्या, शेवटच्या लॅपनंतर तू थांबलीस कुठं?"

आत्या माझ्याकडं बघत राहिली. दोघींना एकदमच आठवलं.

ट्रॅकवरून बाहेर पडायच्या रस्त्याला उतार आहे. त्या उतारावर आण्णा हात वर करून उभे होते, पिशवी घेऊन. आत्यानं सगळ्यांच्या नाकावर टिच्चून झकास वेळ नोंदवली होती, तेव्हा गाडीला नजर लागायला नको. त्यांनी चाकाखाली लिंबं ठेवली. गाडी सरकली तर लिंबू आधीच फुटणार, म्हणून ओरडून सांगितलं की वैजे, ब्रेक गच्च धर, अजिबात सोडू नको. मग कापूर पेटेना. पेटला तर नारळ पहिल्या दणक्यात फुटेना. मग आण्णांचा फोटो गाडीबरोबर. मग दोस्ताबरोबर. आत्या आतून म्हणाली, काहीतरी जळल्याचा वास येतोय.

आण्णा म्हणाले होते, कापराचा आहे.

आत्या हसायला लागली. चाकाशेजारी खाली बसून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मीही. शेवटी डोळे पुसून ती म्हणाली, "बरं. आता हे आण्णाला कोण सांगणार?"

तिथं हसू संपलं.

आत्यानं दोनदा प्रयत्न केला. जेवताना एकदा, आण्णांनी आमटी वाढून घेतली आणि विषय बदलला. दुसऱ्यांदा ते म्हणाले, पस्तीस वर्षं लोखंडात गेली आमची, आता मोबाईल आम्हाला शिकवणार. गंमत म्हणजे मशिनवर घेतलं तर काम कायमचंच संपणार होतं. ती डिस्क आधीच्या मालकानं दोनदा मशिनवर घेतलेली होती आणि कडेला कोरलेलं होतं की किती पातळ झाल्यावर वापरायची नाही. अजून एक कट मारला की ती त्याच्या खाली जाणार. नवी डिस्क मागवायची तर रविवार उलटून जाणार. आण्णांना हे कळत नव्हतं असं मला वाटेना. मशिनवर एक साधा वॉशर लावायचा असला तरी ते आधी मापतात.

मग ते का ऐकत नाहीत, हे मला शुक्रवारी कळलं. आई स्वयंपाकघरात रवा भाजत होती. एवढा कशाला म्हणून विचारलं, तर आधी तिनं गॅस बारीक केला. मग हळूच म्हणाली, रविवारी दहाला निपाणीहून पाहुणे येणार आहेत, आत्याला बघायला. आण्णांनीच ठरवलंय. शनिवारपर्यंत तिला बोलायचं नाही असं सांगितलंय, उगाच ट्रॅकचं निमित्त काढून बसेल.

मी शेडमध्ये गेले. आत्या डिस्क काढायला पान्यानं नट सोडवत होती. मी सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"बरी माणसं असतील," ती म्हणाली. "मी नाही म्हणेन असंही नाही." नट सुटला. तिनं पाना खाली ठेवला. "फक्त मला विचारायचं कुणाला सुचलंच नाही बघ."

मला तेव्हा काय झालं, सांगता येणार नाही. ते वाक्य डिस्कवरच्या डागासारखं माझ्या डोक्यात चिकटून बसलं.

शनिवारी सकाळची शाळा होती. सुटल्यावर मी घरी आले, शेडमध्ये सोडवून ठेवलेली एक डिस्क घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली, दप्तरात घातली आणि सायकलवरून उद्यमनगर गाठलं. दप्तर इतकं जड झालं होतं की चढावर सायकलचं पुढचं चाक वर उचललं जात होतं. वर्कशॉपमध्ये दोन गिऱ्हाइकं बसली होती, आण्णा त्यांना चहा पाजत होते. मी दप्तर उघडलं आणि डिस्क टेबलावर ठेवली. चहाचे कप हलले.

"आण्णा, याला डायल लावा."

डायल म्हणजे घड्याळासारखं माप. वस्तू मशिनवर फिरवायची, तिच्या अंगाला डायलचं टोक टेकवायचं. वस्तू वाकडी असेल तर काटा नाचतो, सरळ असेल तर गप्प राहतो. आण्णा डायल लावल्याशिवाय कुठलंही काम हातात घेत नाहीत. उद्यमनगरात याबद्दलच त्यांचं नाव आहे.

"सोमवारी घेतोय की मशिनवर. जा घरी."

"मशिनवर घ्यायच्या आधीच डायल लावता तुम्ही. प्रत्येक कामाला. मी लहानपणापासनं बघते."

"तुझी शाळा न्हाई?"

"सुटली."

गिऱ्हाइकांपैकी एकजण मिशीत हसला. आण्णा म्हणाले, पोरींनी वर्कशॉपमध्ये यायचं नाही हे किती वेळा सांगायचं. मी म्हणाले, मग लवकर डायल लावा, मी लवकर जाते. 

मागं पप्पांचं मशिन चालू होतं. ते बंद झालं. पप्पा आले, कुणाकडं न बघता डिस्क उचलली, मशिनवर बांधली, पेटीतून डायल काढला आणि टेकवला. मग हातानं हळूहळू तबकडी फिरवली. आम्ही सगळे काट्याकडं बघत होतो. काटा गप्प. अर्धी फेरी झाली, गप्प. निळा डाग डायलखाली आला तेव्हा काटा किंचित वर चढला आणि डाग गेल्यावर परत जागेवर आला.

"सरळ आहे," पप्पा म्हणाले.

पप्पा आण्णांच्या विरोधात बोललेले मी त्याआधी कधी ऐकले नव्हते. दोन शब्दसुद्धा नाही.

"मग थडथडते कशानं?" आण्णा म्हणाले.

"नारळानं," मी म्हणाले.

आता दोन्ही गिऱ्हाइकं हसली. आण्णांचे कान लाल झाले. मी सगळं सांगितलं, उतार, लिंबं, गच्च धरलेला ब्रेक, कापराचा वास. त्यांनी मध्ये तोडलं.

"देवाधर्माला नावं ठेवायला लागलीस?"

"देवाला नाही, आण्णा. त्यानं काय केलंय. उतारावर थांबवलं कुणी ते सांगते."

"गप बस."

"आणि उद्या दहाला कोण येणार आहे ते आत्याला माहीत आहे. मी सांगितलंय."

 आण्णा माझ्याकडं असे बघत होते जशी मी कुणाची तरी दुसऱ्याचीच मुलगी आहे. मग सावकाश म्हणाले, "किल्ली मिळायची न्हाई."

पप्पांनी डिस्क सोडवली, माझ्या दप्तरात घातली. मग कॅलेंडरपाशी गेले, खिळ्यावरची किल्ली काढली, माझ्या हातावर ठेवली आणि आपल्या मशिनकडं जाऊन ते सुरू केलं. इतक्या मोठ्या आवाजात सुरू केलं की पुढं कुणी काही बोललं असतं तरी ऐकू आलं नसतं.

दुपारभर आम्ही दोघींनी पॉलिश पेपरनं डाग घासले, हात खांद्यापर्यंत दुखले. डिस्क परत लावल्या, चाकं बसवली. डाग बऱ्यापैकी गेला, पण पूर्ण नाही, आणि उरलेलं काम रस्त्यावरच होणार होतं. गाडी वेगात न्यायची, जोरात ब्रेक लावायचा, पण पूर्ण थांबायच्या आत सोडायचा. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. असं करत राहिलं की पॅडचा थर तबकडीवर सगळीकडं सारखा बसतो. आणि शेवटी ब्रेकला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, गार होईपर्यंत फिरत राहायचं. एकदा जरी दाबून थांबलो तरी पुन्हा शिक्का, आणि मग रविवार गेला.

त्या दिवशी एमआयडीसीला सुट्टी होती. कारखान्यांची दारं बंद, रस्ते रुंद आणि रिकामे, एखादं कुत्रं सोडलं तर कुणी नाही. आत्यानं पट्टा आवळला, मलाही आवळायला लावला. पहिल्यांदा ब्रेक लावला तेव्हा स्टीअरिंग असं थरथरलं की माझा जीव गेला. दुसऱ्यांदाही तसंच. चौथ्या-पाचव्याला मला वाटलं, कमी झालं का. मी विचारलं नाही, आत्याच्या हाताकडं बघत राहिले. ती आता स्टीअरिंग हलकेच पकडत होती. मग गरम लोखंडाचा वास आला, खराखुरा, आणि त्यानंतरच्या ब्रेकला किल्लीवरचं लॉकेट जागचं हललं नाही. आत्यानं पुन्हा वेग घेतला, पुन्हा दाबला. काही नाही. लोण्यात सुरी.

"झालं," आत्या म्हणाली, इतक्या हळू की जणू स्वतःलाच सांगत होती. "आता नुसतं फिरायचं."

आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये त्या चौकोनी रस्त्यांना चकरा मारायला लागलो. काचा खाली, चाकांना वारा लागेल एवढ्याच वेगानं. मी गाणं म्हणायला लागले. आणि वळणावर आण्णा दिसले.

स्कूटर आडवी लावून ते रस्त्याच्या कडेला उभे होते, हात वर करून. अगदी त्या उतारावर उभे होते तसे.

"वैजू, थांब," ते ओरडले. "पाहुणे आजच आलेत. घरात बसलेत. थांब म्हणतोय."

मी आत्याच्या पायाकडं बघितलं. तो ॲक्सिलेटरवरून उठला आणि ब्रेककडं गेला. तिनं नेला नाही, तो आपला आपण गेला. आण्णांचा हात वर झाला की या घरात सगळ्यांचे पाय तिकडंच जायचे, आईचे, पप्पांचे, माझेही.

"पाय काढ," मी म्हणाले.

आत्यानं माझ्याकडं बघितलं नाही. पाय पेडलवर टेकला होता, दाबला नव्हता. गाडी आण्णांच्या अगदी जवळ आली होती.

"आत्या, पाय काढ."

तिनं काढला. गाडी त्यांच्यासमोरून हळूच, चालत्या माणसाच्या वेगानं निघून गेली. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ज्या आवाजात मी कधी हजेरीसुद्धा दिली नव्हती त्या आवाजात सांगितलं, "आण्णा, आत्ता थांबता येत नाही. ब्रेक तापलेत."

दुसऱ्या चकरेला ते तिथंच होते. हात अजून वर होता पण कोपरात वाकलेला. ते काहीतरी म्हणाले, गाडीच्या आवाजात कळलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही. रविवारी आत्या तिसरी आली हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि चेन्नईहून आल्यावर तिचं काय काय झालं तेही. पाहुण्यांचं काय झालं ते मात्र तिनं सांगायचं, मी नाही. मला विचाराल तर त्या आठवड्यातलं जे काही जिंकायचं होतं ते रविवारच्या आधीच, बंद कारखान्यांसमोर, दुसऱ्या गिअरमध्ये जिंकून झालं होतं.

तिसऱ्या चकरेला आण्णा स्कूटरच्या सीटवर बसले होते. हात मांडीवर. आमच्याकडं नाही, आमच्या पुढच्या चाकाकडं बघत होते, चाक कसं फिरतंय, डगमगतंय का. लोखंडातला माणूस शेवटी.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

या वेळी आत्या बोलली. ती खिडकीशी झुकली, आणि गाडी न थांबवता, आवाज न चढवता म्हणाली, "पाहुण्यांना चहा पाज, आण्णा. बसायला कंटाळले तर जाऊ दे. बघायचंच असेल तर म्हणावं उद्या दहाला ट्रॅकवर या. मी तिथं आहे."

आण्णांनी तोंड उघडलं. पण तोवर आम्ही पुढं गेलो होतो, आणि त्यांना जे काही म्हणायचं होतं त्यासाठी आता आमची पुढची चक्कर यायची वाट बघायला लागणार होती.